नव्या वसाहतीकडून पार्कसाठी जमीन घ्यावी, ट्रेल घ्यावा की सरळ पैसे? (मिनेसोटा)

शेवंती

नमस्कार मंडळी. नगररचना, सिव्हिल वगैरे क्षेत्रातले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतेय. ज्यांचा संबंध नाही त्यांनीही लिहा, कारण प्रश्न शेवटी चालायला जागा हवी की नको इतकाच आहे.

आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहतो, शेतं संपतात आणि घरं सुरू होतात अशा गावात. नाव मुद्दाम देत नाही. यंदापासून मी गावच्या पार्क कमिशनवर आहे. बिनपगारी काम, आणि अधिकार फक्त शिफारशीचा. निर्णय कौन्सिल घेतं. आतापर्यंत आमच्यापुढे काय यायचं, तर बाकांना रंग कुठला द्यायचा आणि हिवाळ्यात स्केटिंगच्या बर्फाशेजारची ऊबदार खोली रात्री किती वाजता बंद करायची. आता पहिल्यांदाच दात लागतील असं काही पानात पडलंय.

आमच्या वसाहतीला लागून ३८ एकरांचं मक्या-सोयाबीनचं शेत आहे. मालक म्हातारे झाले, मुलांना शेती नको, जमीन डेव्हलपरने घेतली. ७४ घरांचा प्लॅट (प्लॉट-रस्त्यांची आखणी दाखवणारा नकाशा) मंजुरीसाठी आलाय. ३८ पैकी ११ एकर पाणथळ आणि तिच्या भोवतीचा राखीव पट्टा, तिथे बांधताच येत नाही. म्हणजे घरं, रस्ते सगळं उरलेल्या २७ एकरांत.

गावचा नियम असा: बांधण्यायोग्य जमिनीच्या १० टक्के जागा पार्कसाठी द्या, नाहीतर घरामागे ५,००० डॉलर भरा. काय घ्यायचं ते गाव ठरवणार. १० टक्के म्हणजे २.७ एकर. पैसे घेतले तर ३ लाख ७० हजार.

डेव्हलपरचं म्हणणं वेगळंच. तो ईशान्य कोपऱ्यात दीड एकर 'पार्क' देतो, पावसाच्या पाण्याच्या तळ्याला लागून. शिवाय पाणथळीभोवती ८ फूट रुंदीचा, साधारण अर्ध्या मैलाचा डांबरी ट्रेल (चालायची-सायकलची वाट) स्वखर्चाने बांधून देतो. त्याचा खर्च तो २ लाख २० हजार सांगतो. आणि याच्या बदल्यात फी पूर्ण माफ करा म्हणतो. चित्र फार देखणं काढलंय. ट्रेलवर बाई कुत्रा घेऊन चालतेय, मागे बगळा.

गावच्या कर्मचाऱ्यांचा अहवाल म्हणतो, जमीन नको, ट्रेलही नको, सगळे पैसे घ्या. कारण पाऊण मैलावर मोठं पार्क आहे, तिथली खेळणी जुनी झाली आहेत, त्यांना पैसा हवाय. कागदावर बरोबर आहे. पण त्या पाऊण मैलात काउंटी रोड (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) आडवा येतो. ५५ मैलांची वेगमर्यादा, सिग्नल नाही, झेब्रा पट्टे नाहीत. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्यालाही मी तिथे एकट्याला जाऊ देत नाही. सात-आठ वर्षांच्या पोराची काय कथा.

माझं मन कुठे झुकतंय तेही सांगून टाकते. गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिने इथे होती. नाशिकला रोज पहाटे तासभर चालणारी बाई. इथे साइडवॉक नाही, म्हणून कल-डी-सॅकच्या (पुढे बंद असलेल्या गल्लीच्या) टोकापर्यंत जायची आणि परत यायची. मधे दम लागला की टेकायला एकच जागा, कोपऱ्यावरची विजेची हिरवी ट्रान्सफॉर्मर पेटी. तिच्यावर लांब राहा असं चित्र काढलेलं स्टिकर आहे. आई त्या स्टिकरच्या बरोबर वर बसायची, आणि शेजारचे आजोबा गाडीतून जाताना काळजीने हात करायचे. हिला वाटायचं नमस्कार करतायत, ही पण हात करायची.

तर पार्क म्हटलं की कमिशनवर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घसरगुंडी येते, माझ्यापुढे बाक येतो. हा माझा पूर्वग्रह आहे हे धरूनच उत्तर द्या. जमीन, ट्रेल, पैसे यांची तुलना करायची कशी? आणि गुरुवारच्या बैठकीत नेमकं काय विचारू?

आरेखक

शेवंतीताई, मी इलिनॉयमध्ये साइट सिव्हिलचं काम करतो, बहुतेक वेळा डेव्हलपरच्या बाजूने. त्यामुळे हे बगळे मीही काढलेत.

पहिली गोष्ट, रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि ग्रेडिंगचा (जमिनीचे चढ-उतार दाखवणारा) नकाशा मागवा. तो सार्वजनिक कागद आहे, प्लॅटच्या संचात असतोच. त्यात तळ्याभोवती दोन तुटक रेषा दिसतील. आतली नेहमीच्या पाण्याची पातळी, बाहेरची शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाची. बाहेरच्या रेषेच्या आत जे येतं ते तळंच आहे, त्याला कोणी काहीही म्हणो. मग समोच्च रेषा बघा. जिथे त्या एकमेकींना चिकटून आहेत तिथे उतार ३ फुटाला १ फूट असेल, म्हणजे गवत कापायचं यंत्रही जपून न्यावं लागतं. या दोन्ही जागा वजा करून दीड एकरात सपाट काय उरतं ते मोजा. तुमच्या गावाच्या नियमात 'बांधण्यायोग्य'ची व्याख्या असेल. पाणथळ, तळं, तीव्र उतार यांना पार्क म्हणून जमेस धरायचं नाही, असं बहुतेक गावं लिहून ठेवतात.

दुसरं, पैसे कुठे जातात ते बघा. मिनेसोटाच्या कायद्यात (कलम ४६२.३५८) हे पैसे वेगळ्या निधीत ठेवून फक्त पार्क-ट्रेलसाठी जमीन घेणं, बांधणं, सुधारणं यालाच वापरायची मुभा आहे. रोजची देखभाल त्यातून करता येत नाही. म्हणून कर्मचारी जमिनीला नाही म्हणतात ते आळसाने नव्हे. दीड एकराचा तुकडा घेतला की त्याचं गवत कायमचं गावाच्या सर्वसाधारण बजेटमधून कापायचं. असे अर्ध्या-एक एकराचे वीस तुकडे गावभर झाले की पार्क विभागाचा उन्हाळा ट्रेलरवर यंत्र चढवण्या-उतरवण्यात जातो.

तिसरं, जमीन आणि पैसे दोन्ही पूर्ण मागता येत नाहीत. जितकी जमीन घ्याल तितक्या प्रमाणात फी कमी. आणि जे मागाल त्याचा या ७४ घरांशी संबंध दाखवता आला पाहिजे, तेही प्रमाणात. हे आता थेट तुमच्या राज्याच्या कायद्यातच आहे, पण मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेतून आलंय. त्याचा खटला ट्रेलवरूनच झाला होता, म्हणून सांगतो.

ओरेगनमध्ये टायगार्ड नावाचं गाव. तिथे फ्लॉरेन्स डोलन यांचं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान होतं, त्यांना ते वाढवायचं होतं. गाव म्हणालं, परवानगी देतो, पण फॅनो क्रीकच्या पुराच्या पट्ट्यातली जागा द्या आणि सायकल-पादचारी मार्गासाठी १५ फुटांची पट्टी द्या. कारण काय, तर दुकान वाढलं की रहदारी वाढणार आणि मार्गामुळे ती काही अंशी कमी 'होऊ शकेल'. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, होऊ शकेल एवढ्याने भागणार नाही. गणिती काटेकोरपणा नको, पण मागणी आणि प्रकल्पाचा परिणाम यांचं ढोबळ प्रमाण त्या-त्या अर्जापुरतं दाखवा.

तेव्हा गुरुवारी तुम्ही "आम्हाला ट्रेल आवडेल" म्हणालात तर ते वाऱ्यावर जाईल. "गावच्या मंजूर पार्क आराखड्यात ही ट्रेलची रेघ आहे का, आणि असेल तर हा ट्रेल त्या रेघेवरून जातो का?" असं विचारा. आराखड्यातली रेघ ही तुमच्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट.

टेक्सासकर

एक विरोधी सूर लावतो, रागावू नका.

५,००० पार्कचे, मग पाण्याच्या जोडणीचे, गटाराच्या जोडणीचे, झाडं पाडली म्हणून त्याचे. डेव्हलपर यातला एक छदाम खिशातून देत नाही, सगळं घराच्या किमतीत जातं किंवा शेतकऱ्याला कमी भाव मिळतो. आपण लोक आपलं घर घेऊन झालं की अचानक निसर्गप्रेमी होतो. तुमची वसाहत झाली त्याआधी तिथेही मकाच होता ना?

आमच्याकडे २०२३ साली राज्याने कायदाच केला, ८ लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांना अपार्टमेंटच्या इमारतींवर वाटेल तेवढी पार्क फी लावता येणार नाही म्हणून. ऑस्टिनमध्ये फीचे आकडे बघून लोकांचे डोळे पांढरे झाले होते. आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या शीट्झ प्रकरणात एकमताने सांगितलं की फी कायदेमंडळाने सरसकट ठरवली म्हणून ती डोलनच्या कसोटीतून सुटत नाही. तिथे एका माणसाला स्वतःच्या जागेवर कारखान्यात तयार झालेलं साधं घर ठेवायला २३,४२० डॉलर रहदारी फी भरावी लागली होती. एका घरासाठी!

घरं होऊ द्या. चालायला रस्ता आहेच.

शेवंती

@टेक्सासकर, रागावले नाही. मका होताच, आणि आमच्या वेळच्या डेव्हलपरकडून गावाने फक्त पैसे घेतले म्हणून तर आईला ट्रान्सफॉर्मरवर बसावं लागलं. इथली नवी घरं ६ लाखांच्या आसपास जातील. ५,००० म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तुमचं बाकी फियांच्या बेरजेचं म्हणणं मान्य, पण त्यातली पार्कची फी काढली म्हणून घर स्वस्त होईल यावर माझा विश्वास नाही. किंमत शेजारच्या गावातल्या घरांवरून ठरते. आणि चालायला रस्ता आहे म्हणता, तर जानेवारीत या. बर्फाचे ढीग कडेला लावले की रस्ता दोन गाड्यांपुरताच उरतो.

@आरेखक, नकाशा मागवला, लगेच मिळाला. त्या दोन रेषा आहेत! मुलाची पट्टी घेऊन बसले. दीड एकरातलं तळ्याचं पाणी आणि उतार सोडला तर जेमतेम ०.६ एकर सपाट उरतं. त्यातही एका बाजूला तळ्याच्या देखभालीसाठी ट्रक जायची वाट आखली आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट ट्रेलच्या बाबतीत सापडली. आमच्या वसाहतीत वायव्येला एक डांबरी ट्रेल आहे, जो शेताच्या कुंपणापाशी येऊन संपतो. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा अडसर लावलाय. गावच्या आराखड्यात तो ट्रेल शेताच्या पश्चिम कडेने पुढे खाली जाऊन मोठ्या प्रादेशिक ट्रेलला मिळतो असं दाखवलंय. डेव्हलपरचा सुंदर अर्धा मैल मात्र त्यांच्याच कल-डी-सॅकमधून निघतो, पाणथळीला वळसा घालतो आणि त्यांच्याच दुसऱ्या कल-डी-सॅकमध्ये परत येतो. आमच्या अडसरापासून तो सुमारे ३०० फुटांवरून जातो. मधे ३१ आणि ३२ नंबरचे प्लॉट, एकमेकांना घट्ट चिकटलेले.

म्हणजे २ लाख २० हजारांचा ट्रेल कोणासाठी? घर विकायला उपयोगी, गावाला नाही. बरोबर समजतेय का मी?

आरेखक

बरोब्बर. त्या वळशातला आराखड्याच्या रेघेवर येणारा तुकडा तेवढा जमेस धरायचा. बाकीचा त्यांनी हौसेने बांधावा, एचओएने (घरमालकांच्या सोसायटीने) सांभाळावा.

३१ आणि ३२ च्या मधे २० फुटांची पट्टी मागा. मागताना 'ईझमेंट' (नुसता वापराचा हक्क) नको, 'आउटलॉट' (घर न बांधायचा स्वतंत्र तुकडा) म्हणा, आणि तो गावाच्या नावावर करून द्यायला सांगा. ईझमेंट असलं की जमीन घरमालकाची राहते. पाच वर्षांत तिथे कुंपण येतं, मग शेड येते, मग ट्रॅम्पोलिन. गावाचा माणूस जाऊन सांगतो, ही वाट आहे, तर घरमालक म्हणतो, मला कोणी सांगितलंच नाही. आणि खरंच कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून अजून एक अट घाला. पहिलं घर विकायच्या आधी ट्रेल बांधून पूर्ण, निदान खडीचा थर तरी. ते जमत नसेल तर जागेवर 'इथे ट्रेल होणार' अशी पाटी. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांचं मूळ हेच: लोकांनी घर घेतलं तेव्हा मागे गवत होतं, दोन वर्षांनी डांबर आलं.

जमीन कशी आहे तेही विचारा. पाणथळीच्या कडेला पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) असेल तर त्यावर टाकलेला ८ फुटांचा डांबरी पट्टा दोन-तीन हिवाळ्यांत लाटांसारखा होतो, आणि दुरुस्ती गावाच्या गळ्यात. सॉइल बोरिंगचे (भोकं पाडून केलेल्या मातीच्या तपासणीचे) आकडे त्यांच्याकडे असतातच. रुंदी ८ ऐवजी १० फूट मागा, येणारे-जाणारे आणि सायकली एकत्र असल्या की ८ कमी पडतात. आणि चढ ५ टक्क्यांच्या आत. तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी, शिवाय चाकाच्या खुर्चीसाठीही तोच आकडा आहे.

दोन_पिल्लं

आमचं घर ट्रेलला लागून आहे (विस्कॉन्सिन), म्हणून लिहिते. घर घेताना नवऱ्याला फार शंका होती, लोक खिडकीतून बघतील, चोऱ्या होतील. चोरी काही झाली नाही. पहिल्या उन्हाळ्यात लोक बघायचे हे खरं, कारण मी परसात साडी वाळत घातली होती.

खरा त्रास दोनच. कुत्र्यांचं, आणि रात्रीचे मोठ्याने फोनवर बोलत चालणारे. त्यात आपले लोक आघाडीवर, भारतातली सकाळ म्हणजे इथली रात्र. त्यांच्या बहिणीच्या सासूचं ऑपरेशन कसं झालं ते मला माहीत आहे.

पण मुलं शाळेत ट्रेलवरून एकटी जातात. त्यासाठी मी ते ऑपरेशन दहा वेळा ऐकेन. शेवंती, तू जोडणीसाठी भांड. नुसता गोल ट्रेल असेल तर दोन महिन्यांत मुलं कंटाळतात, कुठे पोचतच नाही तो. आणि हिवाळ्यात बर्फ कोण काढणार हे आत्ताच लिहून घे. आमच्याकडे निम्मा ट्रेल गावाचा आणि निम्मा एचओएचा आहे. हद्द कुठे आहे ते डिसेंबरात बरोब्बर दिसतं.

पेन्शनर नाना

मी पुण्याहून. अमेरिकेतलं ठाऊक नाही, पण नगररचना खात्यात टेबलावर उभी हयात गेली, म्हणून राहवलं नाही.

आपल्याकडे एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठी जागा विकसित करायची, म्हणजे नियमात ०.४ हेक्टर, की १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. योगायोगाने तुमच्या गावाचाही आकडा तोच. फरक असा की आपली मोकळी जागा त्या लेआउटमधल्या लोकांसाठी असते. पुढे तिला कुंपण येतं, मग वॉचमन येतो, आणि शेजारच्या वस्तीतली पोरं बाहेर रस्त्यावर खेळतात. मोठ्या जागांना याशिवाय अॅमेनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठीची जागा) म्हणून वेगळी जमीन महापालिकेला द्यावी लागते. ती ताब्यात येते, आणि मग वर्षानुवर्षं तिच्यावर काही होतच नाही. २०२१ मध्ये पुणे महापालिकेने अशा जागा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचा घाट घातला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, इथल्यांना आठवत असेल.

आमच्या टेबलावर यायचे ते नकाशे बघताना मी आधी मोकळी जागा कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघायचो. क्षेत्रफळ नंतर. मोकळी जागा नेहमी तिथे असायची जिथे प्लॉट बसत नाही. ओढ्याकाठी, विजेच्या तारांखाली, त्रिकोणात. क्षेत्रफळ चोख १० टक्के, एक चौरस फूट कमी नाही. मी शेरा मारायचो, 'जागेचा आकार व पोहोच पाहावी'. साहेब म्हणायचे, नाना, नियमात आकार कुठे आहे? (किमान रुंदी वगैरे आहे हो नियमात. साहेबांना म्हणायचं होतं ते वेगळं.)

तुमच्या दीड एकराची जागा ईशान्य कोपऱ्यात का, हे बाई, तुम्ही विचारलंत का? माझा अंदाज सांगतो. सगळ्यात खोलगट तोच कोपरा, पाणी तिकडेच जातं, म्हणून तळं तिथे. आणि तळ्याशेजारी उरलं ते तुम्हाला.

एक मात्र पटलं नाही. सगळे इथे जमीन नको, जोडणी घ्या म्हणतायत. जोडणी घ्याच. पण ३८ एकरांत सपाट अर्धा-पाऊण एकर मधोमध मिळत असेल तर तोही सोडू नका. पैसे पुढच्या वसाहतीकडूनही येतील, हे शेत पुन्हा येणार नाही. गवत कापायचा खर्च मला सांगू नका, कापू नका गवत. क्रिकेट खेळतील पोरं, आपोआप बसेल.

टेक्सासकर

नानांचं 'कापू नका गवत' वाचून हसू आलं. इथे गवत वाढलं की आठ दिवसांत गावाची नोटीस येते. गावाने गावालाच नोटीस द्यायची का?

बाकी शेवंतीताई, त्या ३०० फुटांबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. तेवढ्यासाठी घर महागलं तर महागू दे. माझा राग त्या ३ लाख ७० हजारांवर आहे, जे पाऊण मैलावरच्या घसरगुंडीला जाणार आणि या ७४ घरांतली पोरं रस्ता ओलांडून तिथे जाणारच नाहीत. आरेखक म्हणतात तो संबंध दाखवायचा झाला तर तिथेच पहिली ठेच लागेल. मी डेव्हलपरचा वकील असतो तर त्या काउंटी रोडचा फोटोच पुढे ठेवला असता.

शेवंती

@टेक्सासकर, तुमचा हा शेवटचा मुद्दा मी गुरुवारी जशाच्या तसा वापरला. श्रेय दिलं नाही, माफी असावी.

बैठक झाली. थोडक्यात सांगते.

डेव्हलपरचा इंजिनिअर चांगला माणूस निघाला. ईशान्य कोपराच का, असं विचारल्यावर तो सरळ म्हणाला, सगळ्यात खोल तोच. (नाना, साष्टांग.) दीड एकरापैकी सपाट किती हे त्यालाच मोजायला लावलं, तो ०.६ च म्हणाला. मग त्या तुकड्याला पार्क म्हणायचा विषय संपला. तळं तळं म्हणून एचओएकडे राहील.

३१-३२ च्या मधल्या २० फुटांवर मात्र बराच वेळ गेला. आधी म्हणाले एक प्लॉट जाईल. मग आमच्यातल्या एका निवृत्त सर्व्हेयरने नकाशावर पेन्सिल फिरवून दाखवलं की त्या ओळीतल्या सात प्लॉटांची रुंदी तीन-तीन फुटांनी कमी केली की पट्टी निघते, प्लॉट जात नाही. तेवढ्यासाठी रुंदीच्या नियमात सूट लागेल, ती द्यायची शिफारस प्लॅनिंग कमिशनने करायची. ते पुढच्या आठवड्यात.

ट्रेलचा पश्चिम कडेचा सुमारे ९०० फुटांचा भाग आराखड्यातल्या रेघेवर येतो. त्यांच्याच दराने तो ७५ हजारांच्या आत जातो, तेवढे फीतून वजा. वळशाचा बाकी भाग त्यांनी बांधायचा तर बांधा, सूट नाही. उरलेले २ लाख ९५ हजारांच्या आसपास रोख. आउटलॉट गावाच्या नावावर, रुंदी १० फूट, पहिल्या घराच्या परवान्याआधी खडीचा थर आणि पाटी. ४ विरुद्ध ३ मतांनी शिफारस गेली. विरोधातले तिघे म्हणाले की फीला हात लावायलाच नको होता. त्यातल्या एकीचं म्हणणं मला अजूनही खटकतंय, कारण खोटं नाही: जुन्या पार्कजवळ अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मुलांना ती मोडकी खेळणीच आहेत, आणि ७५ हजार त्यांच्यातून गेले.

नानांचा मधोमधचा अर्धा एकर मी मांडला होता. अनुमोदनच मिळालं नाही. दोन बाकांना मिळालं.

आता कौन्सिल. अर्ज पूर्ण धरल्यापासून १२० दिवसांत त्यांना प्राथमिक प्लॅटवर निर्णय द्यावाच लागतो, नाहीतर तो मंजूर धरला जातो, त्यामुळे फार लांबणार नाही. राहिला काउंटी रोड. तो गावाच्या हातात नाही, आणि डेव्हलपरकडून पार्कच्या नावाखाली त्याचे पैसे काढता येत नाहीत असं गावच्या वकिलांनी सांगितलं. काउंटीकडून पादचाऱ्यांसाठी बटण दाबून लुकलुकणारे दिवे कोणी मिळवलेत का? अर्ज कोणी करायचा, गावाने की रहिवाशांनी?

आरेखक

गावाने करायचा, कौन्सिलचा ठराव जोडून. रहिवाशांची पत्रं सोबत चालतात, पण एकट्या पत्रांची फाइल उघडत नाहीत. काउंटी आधी विचारेल, आत्ता रोज किती माणसं ओलांडतात? उत्तर शून्याच्या जवळ येईल, कारण ओलांडताच येत नाही. म्हणून प्लॅट मंजूर होऊन ट्रेलची जोडणी कागदावर आल्यावर अर्ज करा, आणि ७४ घरं अधिक तुमची वसाहत असा पुढचा आकडा द्या. स्कूल बसचा थांबा त्या बाजूला असेल तर तो पहिल्या पानावर.

आणि मधे थांबायला बेटासारखी जागा मागा, नुसते दिवे नकोत. ५५ च्या रस्त्यावर एका दमात पलीकडे जाणं आईंना जमणार नाही.